एकतिसावं पान

वाचनालयाच्या फळ्यावर नियम लिहिलेत बारा, पण डोंबिवलीतली म्हातारी माणसं मनापासून पाळतात तो तेरावा, कुठेच न लिहिलेला. पुस्तक वाचून झालं की त्यात आपली खूण करायची. दर दोन दिवसांनी पुस्तक बदलणाऱ्या माणसाने लक्षात तरी किती ठेवावं? नावं एकमेकांसारखी, मुखपृष्ठावर तीच ती पाठमोरी बाई. तेव्हा पुस्तक हातात आलं की आधी आपलं ठरलेलं पान उघडायचं आणि खूण दिसली तर मुकाट्याने कपाटात परत ठेवायचं. कोणी शेवटच्या पानावर मासा काढतं, कोणी पन्नासाव्या पानावर 'श्री' लिहितं, आणि एका निवृत्त हेडमास्तरांनी तर लाल पेन्सिलीने कादंबऱ्यांना दहापैकी गुण दिलेले सापडतात. आधीच्या ग्रंथपाल बाई यावर वर्षानुवर्षं ओरडल्या, मग दमल्या. स्वतः निवृत्त झाल्यावर त्यांनीही एक पान धरलं म्हणतात.

गोदावरी खानविलकर, म्हणजे गोदाताई, यांचं पान एकतिसावं. पानाच्या आकड्याभोवती हिरव्या शाईचं बारीकसं वर्तुळ. एकतीसच का, तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर त्यांची बसायची जागा एकतीस नंबरची होती. एकोणीसशे एकाहत्तर साली, बावीस वर्षांच्या असताना, त्या तिथे बसल्या त्या थेट निवृत्तीलाच उठल्या. मध्ये बोर्ड गेले, यंत्रं आली, ट्रंक कॉल ही चीजच उरली नाही; पण सत्तर-ऐंशी सालातले दीडशे तरी नंबर आजही त्यांना तोंडपाठ आहेत. कल्याणच्या डॉक्टरांचा, चिपळूणच्या सराफाचा, मरून वीस वर्षं झालेल्या एका वकिलाचा. कोणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

लग्न झालं नाही. होणारच नव्हतं असं काही नाही. आज बघू, उद्या बघू करता करता राहून गेलं. भावाची, मारुतीची, बायको लवकर गेली आणि त्याचा दोन वर्षांचा मुलगा विनीत आत्याच्या कडेवर आला. त्याला वाढवण्यात वीस वर्षं कशी गेली ते कळलं नाही. मग मारुतीही गेला. विनीतचं लग्न झालं, तो बाळकुमला बावीस मजल्यांच्या टॉवरमध्ये राहायला गेला आणि गोदाताई डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एकट्या उरल्या. आता वय पंचाहत्तर. बिल्डिंगमध्ये ओळखीचं एकच दार राहिलंय, तेही दुपारी बंद असतं. एमआयडीसीकडून वास आला की खिडकी लावायची, गेला की उघडायची, एवढीच कधी कधी दिवसभरातली हालचाल. एकटं वाटतं का, असं कोणी विचारलं तर गोदाताई म्हणतात, "छे, वाचनालय आहे ना." पण वाटतं. संध्याकाळी तर फार वाटतं.

तरी हे घर त्यांना प्राणापलीकडचं होतं, आणि तेच आता हातातून जायच्या बेतात होतं. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि त्या वाचनालयात निघून गेल्या. परत येईपर्यंत पातेलं कोळसा झालं होतं, जिन्यात धूर, दाराशी वॉचमन. विनीत धावत आला. ओरडला नाही, ते जास्त लागलं.

"आत्या, आमच्या घरी दिवसभर कोणी नसतं, नाही तर मी तुला कधीच नेलं असतं," तो म्हणाला. "आंबिवलीच्या पुढे एक जागा बघून आलोय. नर्स आहे, झाडं आहेत. फॉर्म भरून ठेवतो, फक्त तुझी सही बाकी राहील. आणखी एकदा असं काही विसरलीस ना, तर मी तुझं ऐकणार नाही."

"एकदा दूध उतू गेलं म्हणून कोणी माणूस उचलून नेतं का रे?" गोदाताई म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून त्यांनी दारामागे कागद चिकटवला. गॅस. नळ. किल्ली. बाहेर पडताना तीन वेळा वाचायच्या. आणि पुन्हा काही विसरल्या नाहीत. निदान त्यांच्या आठवणीत तरी नाही.

माणकोलीचा पूल झाल्यापासून बाळकुमहून डोंबिवलीत गाडीने अर्ध्या-पाऊण तासात येता येतं. विनीत तरी महिन्यातून एकाच रविवारी यायचा. पूल झाला की अंतर कमी होतं, रविवार थोडेच वाढतात. पण आला की त्याची नऊ वर्षांची लेक सान्वी बरोबर असायची आणि आल्या आल्या आजीला ओढत वाचनालयात न्यायची. फेब्रुवारीतल्या त्या रविवारीही तिने बालविभागाच्या कपाटातून एक चपटं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक काढलं आणि गोदाताईंच्या हातात दिलं.

"आजी, हे घे. एकदम भारी आहे."

मुखपृष्ठावर तळ्याच्या काठी पाय पोटाशी घेऊन बसलेली एक म्हैस होती. चंद्री तिचं नाव.

"अगं, मी म्हातारी बाई. म्हशीच्या गोष्टी काय वाचू?"

"वाच ना. प्लीज. पूर्ण वाच हां. शेवटपर्यंत."

पोरगी इतक्या गंभीरपणे म्हणाली की गोदाताईंनी आपली जाडजूड कादंबरी परत ठेवली आणि म्हैस घेतली. एकतिसावं पान बघायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. मुलांचं पुस्तक आपण कधी वाचलंय, की खूण असायची!

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर त्या खिडकीशी बसल्या. पहिली दोन पानं उगाच, पोरीचं मन राखायला. तिसऱ्या पानावर त्या सावरून बसल्या.

ही चंद्री पाण्याला घाबरते. म्हैस, आणि पाण्याला घाबरते! दुपार झाली की सगळा कळप तळ्यात उतरतो आणि चंद्री रोज नवीन सबब सांगते. आज शिंगांना सर्दी झालीय. काल रात्री स्वप्नात फार पोहले, अंग दुखतंय. आज शेपटीचा उपास आहे. पाठीवर बसणारा एक बगळा तिला सारखा टोमणे मारतो. शेवटी डराव सर नावाचा एक बेडूक शिकवणी घ्यायला येतो, आणि इथे गोदाताईंच्या मनात आलं, हा आता बादली आणणार. पान उलटलं, तर खरंच बादली. "चंद्रे, आधी एक पाय." चंद्री बादलीत एक पाय घालते, पाय अडकतो, आणि ती बादलीसकट खडांग खडांग करत गावभर पळत सुटते, मागे बगळा, त्याच्यामागे डराव सर.

गोदाताई मोठ्याने हसल्या. रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्या आणि परत हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं. शिवाय बादली येणार हे आपण आधीच ओळखलं याचा त्यांना कोण अभिमान वाटला. डोकं अजून शाबूत आहे म्हणायचं. विनीतला हे सांगायला हवं.

मग एक पान आलं, त्यावर कोणीच पळत नव्हतं. भर दुपार. कळप पाण्यात, नुसती नाकं वर. काठावर एकटी चंद्री नाकं मोजत बसलीय. सतरा. पुन्हा मोजते, सतराच. बगळा विचारतो, "कंटाळा नाही येत तुला?" चंद्री म्हणते, "सगळ्याच पाण्यात गेल्या तर काठावर कोण बसणार? काठाला एकटं नाही का वाटणार?"

गोदाताईंनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या बंद होत्या. ज्याने कोणी ही म्हैस लिहिली त्याला आपल्या घरातलं कसं कळलं, असं त्यांना वाटत होतं.

शेवट तर त्याहून गोड निघाला. चंद्री काही पाण्यात उतरत नाहीच. उन्हाळा येतो, तळं आटतं, आणि एकेक म्हैस चिखलातून वर येऊन तिच्याशेजारी बसते. सगळ्यात म्हातारी म्हैस म्हणते, "सरक गं जरा." संपलं.

एखादं पुस्तक संपल्यावर इतकं बरं वाटलं त्याला किती वर्षं झाली होती! चहा टाकला, गाळला, गॅस बंद केला, कागद वाचला. मग मोठ्या दिमाखात हिरवं पेन उघडून त्यांनी एकतिसावं पान काढलं.

आकड्याभोवती वर्तुळ होतं. आणि त्याला चिकटून आणखी एक. दोन्ही हिरवी.

पहिल्यांदा त्यांना रागच आला. कोणी तरी आपलं पान चोरलं. मग त्यांनी वर्तुळाची सुरुवात बघितली. डावीकडे खाली एक बारीक शेपटी सुटलेली होती, बोर्डावर कॉलची तिकिटं भराभर लिहायची सवय लागल्यापासून त्यांच्या प्रत्येक गोलाला सुटते तशी. नक्कल करणारा एवढं करत नाही. गोदाताईंनी हे पुस्तक वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं.

आणि मग त्यांना त्याहून भयंकर गोष्ट सुचली. दुसरं वर्तुळ काढताना पहिलं दिसलंच असणार. म्हणजे या आधीही एकदा त्या अशाच दचकल्या असतील, अशाच पेन धरून बसल्या असतील, असाच चहा गार झाला असेल. त्यातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. चिपळूणच्या सराफाचा नंबर आठवत होता.

विनीतला कळलं तर सही. सही म्हणजे आंबिवली. हे पान फाडून टाकलं तर? वाचनालयातल्या पुस्तकाचं पान फाडायचं, आयुष्यात जे केलं नाही ते. त्यांनी पानाचा कोपरा चिमटीत धरलासुद्धा. तेवढ्यात फोन वाजला.

सहा वाजले होते, फोन सान्वीचा. शाळेतून आली की मेघनाच्या, म्हणजे तिच्या आईच्या, जुन्या मोबाईलवरून ती आजीला व्हिडिओ कॉल करायची. जेवलीस का, गॅस बंद आहे का, काय करतेस. नाताळच्या सुट्टीपासून एक दिवस चुकला नव्हता. नातीला आपला केवढा लळा लागलाय, हे गोदाताई खालच्या वाण्यालाही सांगून आल्या होत्या.

"आजी, वाचलंस?"

"वाचतेय गं. थोडं राहिलंय."

"खोटं. तुझ्या हातात हिरवं पेन आहे."

गोदाताईंनी पेन खाली ठेवलं.

"एकतीस नंबरचं पान बघितलंस?" सान्वीने अगदी हळू विचारलं.

"तुला काय माहीत त्या पानाचं?"

"तूच दाखवलेलंस. गणपतीत तू वाचलंस ना हे, तेव्हा खूप हसलेलीस. मग नाताळात मी राहायला आलेले, तर मी म्हटलं परत आणूया. मला वाटलं तुला परत वाचायचंय. तर तू म्हणालीस, हे नवीन आहे वाटतं. आणि संपल्यावर ते पान बघितलंस आणि रडायला लागलीस."

नाताळची सुट्टी गोदाताईंना आठवत होती. दोघींनी नारळाच्या वड्या केल्या होत्या, त्या मऊ झाल्या म्हणून चमच्याने खाल्ल्या होत्या. पण हे? भिंतीकडे बघितल्यासारखं कोरं.

"मग?"

"मग तू म्हणालीस, बाबांना सांगू नकोस, आईला पण नको. तुझ्या गळ्याची शपथ घातलीस."

"आणि तू?"

"नाही सांगितलं कोणाला." सान्वी फोनच्या आणखी जवळ आली. "सांगितलं तर तू मरशील ना. म्हणून मी रोज फोन करते. माझ्या तोंडून चुकून काही निघालं असेल तर... बघायला. की तू आहेस."

शपथ मोडली तर जिची शपथ ती मरते, आणि शपथ घालणारीने स्वतःच्या तोंडाने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, हा सगळा कायदा या पोरीला गोदाताईंनीच हसत हसत शिकवला होता. मोठी माणसं शिकवतात आणि विसरतात. मुलं पाळत बसतात.

"तू सुटली म्हणालीच नाहीस," सान्वी म्हणाली. "मी किती वाट बघितली. मी आठवण पण नाही करू शकत, कारण तू म्हणालेलीस की हा विषय माझ्याजवळ पण काढायचा नाही. मग मला वाटलं, परत तेच पुस्तक दिलं तर तुला पान दिसेल, मग तू आपणहून म्हणशील. आत्ता पान दिसलंय ना तुला? मग आता चालतं ना बोललेलं?"

"चालतं गं बाळा. चालतं."

"आणि तू बादलीच्या वेळी हसतेस ना, ते पण मला आवडतं."

खोटं कशाला सांगा, त्या क्षणीही गोदाताईंच्या मनात आलं, आणखी थोडे दिवस. उन्हाळा संपेपर्यंत. पोरगी समजूतदार आहे, गप्प बसेल. ही खिडकी, हे कपाट, सकाळी वाचनालयापर्यंतचा तो ओळखीचा रस्ता, आणखी थोडे दिवस. मग स्क्रीनवरचा तो एवढासा चेहरा त्यांनी नीट बघितला. डोळ्यांखाली काळं आलं होतं. दोन महिने हे पोर आजीला जिवंत ठेवायचं काम करत होतं, आणि आजी वाण्याकडे मिरवत होती. त्यांना स्वतःची शरम वाटली.

"सुटली," गोदाताई म्हणाल्या.

"तीनदा म्हण."

"सुटली. सुटली. सुटली."

सान्वी रडली. मुसमुसत नाही, तोंड उघडून, लहान असताना रडायची तशी. गोदाताईंनी तिला रडू दिलं. हात पुढे केला तो फोनच्या काचेला लागला.

"आता बाबांना मी सांगू?" डोळे पुसत तिने विचारलं.

"नाही. मोठ्यांचं मोठ्यांनी सांगायचं. कधी येतो तो?"

"साडेसातला."

"मग मीच करते त्याला फोन साडेसात..." गोदाताई थांबल्या. घड्याळात सव्वासहा झाले होते. सव्वा तास. नाताळातही त्या मनाशी असंच काही म्हणाल्या असतील. उद्या सांगू. जरा सावरले की सांगू.

"सान्वी, बाबा येईपर्यंत फोन ठेवू नकोस."

"का?"

"मी विसरले तर?"

सान्वीने मान हलवली. तिने उठून मोबाईलला चार्जर लावला, उशीला टेकवून उभा केला आणि समोर मांडी घालून बसली.

"तोपर्यंत काय करायचं?"

"वाचूया की चंद्री. मी वाचते, तू ऐक."

"तू आत्ताच वाचलीस ना?"

"मग काय झालं?"

गोदाताईंनी पहिलं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. आवाज आधी बसल्यासारखा येत होता, मग मोकळा झाला. शिंगांची सर्दी झाली, शेपटीचा उपास झाला. सान्वी मध्येच म्हणाली, "आता बादली," आणि गोदाताई म्हणाल्या, "गप गं, मला माहीत आहे," आणि दोघी हसल्या. बादलीचं पान सान्वीने दोनदा वाचायला लावलं. बाहेर अंधार पडला. गोदाताईंनी दिवा लावला आणि पुन्हा पुस्तक धरलं. चंद्री काठावर बसून नाकं मोजायला लागली, तेव्हा तिकडे बाळकुमला दाराची बेल वाजली.

"बाबा आले," सान्वी म्हणाली, पण जागची हलली नाही. मेघना आली होती, तिने दार उघडलं. बॅग ठेवल्याचा आवाज आला, आणि मग विनीतचा, दमलेला, "काय गं, अजून आजीशी गप्पाच चालल्यात?"

सान्वीने स्क्रीनकडे बघितलं. गोदाताईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"सान्वी," त्या म्हणाल्या, "बाबांना फोन दे, आणि तू आता खाली खेळायला जा."